खोळंबा आणि देखावा : एका परदेशी प्रवासग्रंथाच्या निमित्ताने

परदेशच्या प्रवासवर्णनांची मराठीला कधी वाण नव्हती, आणि आज तर मुलगा अथवा मुलगी परदेशी स्थायिक झाली की दुसऱ्या वर्षी आईवडिलांच्या हातून एक प्रवासवर्णन लिहून व्हावे असा जणू परिपाठच पडला आहे. त्यात गैर काहीच नाही. ज्याने जे पाहिले ते त्याने सांगावे. ऐकणारा भेटला तर उत्तमच. परंतु ही पुस्तके ओळीने वाचू लागले म्हणजे एक गोष्ट ध्यानात आल्यावाचून राहत नाही. त्यांत दोन खाती ठरलेली असतात : एक देखाव्यांचे, दुसरे गमतींचे. देखाव्यांच्या खात्यात सरोवर, हिमशिखर, सूर्यास्त व ट्युलिपची शेते. गमतींच्या खात्यात चुकलेली गाडी, हरवलेली बॅग, भलत्याच गावी निघालेली बस आणि शाकाहारी म्हणून पुढे आलेला मासा. लेखक एका खात्यातून उठतो व दुसऱ्यात जाऊन बसतो. देखावा चालू असताना त्याला काही होत नाही, आणि काही झाले म्हणजे त्याला देखावा दिसत नाही. पंक्तीत भात आणि कोशिंबीर शेजारी वाढावी पण कोणी ती कालवू नये, तसा हा प्रकार आहे.

आमचे म्हणणे असे की, निदान जो प्रवास रस्त्याने, दीर्घ काळ आणि स्वतःच्या जबाबदारीवर होतो, त्याच्या वर्णनात ही दोन खाती वेगळी राहूच शकत नाहीत. ती जेथे वेगळी राहिली आहेत तेथे प्रवास घडला असेल, पण त्याचे वर्णन घडलेले नाही. हे म्हणणे नुसते तत्त्व म्हणून मांडण्यापेक्षा एखाद्या ग्रंथावर घासून पाहावे, या हेतूने आम्ही स्वित्झर्लंडचे लेखक निकोला बूव्हिए यांचा ‘लूझाज द्यू मोंद’ हा ग्रंथ येथे विचारार्थ घेतला आहे. तो आम्ही रॉबिन मार्सॅक यांच्या इंग्रजी अनुवादातून वाचला. तेव्हा मूळ फ्रेंच शैलीच्या गुणदोषांबद्दल येथे काही बोलणार नाही. ग्रंथाच्या नावाबद्दल मात्र एक शब्द. इंग्रजी अनुवादकर्तीने ‘द वे ऑफ द वर्ल्ड’ असे नाव दिले आहे. मूळ शब्दात रूढी हा अर्थ आहे आणि उपयोग हाही आहे. आपल्याकडे या दोहोंना पोटात घेणारा व शिवाय रस्त्याचाही भास करून देणारा एक शब्द कोर्टकचेरीच्या आणि शेतीच्या भाषेत आयता पडलेला आहे : वहिवाट. ‘जगाची वहिवाट’ असे नाव या ग्रंथाला मराठीत जितके शोभेल तितके इंग्रजीतील शोभत नाही, असे आम्हांला वाटते.

ग्रंथाचा विषय थोडक्यात असा. बूव्हिए (१९२९–१९९८) हे जिनीव्हाचे. १९५३ च्या जूनमध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, ते एका लहानशा फियाट मोटारीतून निघाले. त्यांचे चित्रकार मित्र तिएरी व्हेर्ने आधीच पुढे गेले होते. बेलग्रेडला दोघांची गाठ पडली. तेथून मॅसिडोनिया, ग्रीस, इस्तंबूल, अनातोलियाचे पठार, इराण, बलुचिस्तान व अफगाणिस्तान असा मार्ग आक्रमून १९५४ च्या डिसेंबरात खैबर खिंडीशी हा वृत्तांत संपतो. दीड वर्षाचा हा काळ. जवळचे पैसे मात्र काही महिन्यांनाच पुरतील एवढे. वाटेत फ्रेंचच्या शिकवण्या करायच्या, लेख लिहायचे, व्हेर्नेंनी चित्रांचे प्रदर्शन मांडायचे, आणि चार पैसे गाठीला आले की पुढे निघायचे. मोटारीचे इटालियन टोपणनाव टोपोलिनो, म्हणजे उंदीर. पुढे जेमतेम दोन माणसांची बैठक, ५६९ घनसेंटीमीटरचे इंजिन. ज्यांनी आपल्याकडील जुन्या घाटांत भरलेल्या मोटारी दम टाकताना पाहिल्या आहेत त्यांना या उंदराची तुर्कस्तानच्या डोंगरांत काय गत झाली असेल याची कल्पना सहज करता येईल.

आता विघ्नांकडे वळू. प्रवासातील विघ्नाला आपल्या भाषेत निरनिराळे शब्द आहेत, आणि ते समानार्थी नाहीत. अपघात होतो तो देहाला किंवा वाहनाला. फजिती होते ती प्रतिष्ठेची. खोळंबा होतो तो काळाचा. मराठी प्रवासवर्णनकारांनी यांपैकी फजितीलाच विशेषेकरून जवळ केले, आणि त्याला कारणही तसेच घडले. पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’ने (१९६०) आत्मोपहासाची जी मनोहर रीत घालून दिली ती इतकी लोकप्रिय झाली की पुढील लेखकांना दुसरी रीत सुचेनाशी झाली. खुद्द पु. लं.च्या हातात ही रीत निकोप होती. स्वतःला हसणारा मनुष्य परक्याला तुच्छ लेखू शकत नाही. परंतु फजितीच्या वर्णनाला एक अंगभूत मर्यादा आहे. फजिती सांगताना लेखकाची नजर स्वतःवर असते. परका देश ही तेथे नुसती रंगभूमी. पात्र एकच, ते म्हणजे आपण. खोळंब्याचे उलट आहे. मोटार बंद पडली, मिस्त्री उद्या येणार, रस्त्यावर एक चहाचे दुकान आणि पलीकडे उघडा माळ, अशा वेळी स्वतःकडे पाहून पाहून किती पाहणार? नजर आपोआप बाहेर जाते.

बूव्हिए यांचा ग्रंथ हा खोळंब्यांचा ग्रंथ आहे. पाने मोजून पाहणाऱ्याला एक चमत्कारिक गोष्ट आढळेल : प्रत्यक्ष चाकांवरच्या प्रवासाला त्यात जागा थोडी, आणि अडकून पडण्याला फार. सर्वांत मोठा भाग अडवला आहे तो तब्रीझ या इराणच्या वायव्य कोपऱ्यातील शहराने. इस्फहान, शिराझ, पर्सेपोलिस ही जगद्विख्यात स्थळे. त्यांच्या वाट्याला त्या मानाने मोजकी पाने आली आहेत. तब्रीझला यांचे पाहण्यासारखे असे काही नव्हते. शरदात तेथे पोचले, हिवाळा आला, बर्फाने रस्ते बंद झाले, एवढेच कारण. अर्मेनियन वस्तीत बिऱ्हाड केले, शिकवण्या धरल्या. त्याच ऑगस्टमध्ये, १९५३ साली, पंतप्रधान मोसद्देक यांना पदच्युत करण्यात आले होते आणि हिवाळ्यात त्यांच्यावर खटला चालू होता. पण त्याची चर्चाही ग्रंथात येते ती शेजारीपाजारी जितकी आणि जशी बोलतील तितकीच. बर्फ, चिखल, भट्टीतून निघणारी रोटी, दारिद्र्य, शेजाऱ्यांची जुनी वैरे व जुन्या आठवणी यांतून हळूहळू एक शहर उभे राहते. पर्यटकाला शहर दिसते ते एखाद्या पडद्यासारखे. आले, पाहिले, सरकले. येथे ते साचत जाते. सहा महिन्यांनी वसंतात चाके पुन्हा फिरू लागतात तेव्हा वाचकाला स्वतःचेच बिऱ्हाड मोडल्यासारखे वाटते.

त्याच वसंतात ते कुर्दिस्तानातील महाबाद या गावी गेले. तेथे पोलीस अधिकाऱ्याने या दोघांना काही दिवस तुरुंगातच ठेवून घेतले : अर्धे पाहुणे, अर्धे नजरकैदी. येथे फजितीचा प्रसंग अगदी हाताशी होता. आपल्याकडील एखाद्या लेखकाने ‘आम्ही तुरुंगात जातो’ अशा मथळ्याचे एक प्रकरण हमखास साधले असते, आणि ते वाईट झाले असते असेही नाही. बूव्हिए हसतात, पण थोडे. त्यांचे लक्ष आहे ते तुरुंगात येणाऱ्याजाणाऱ्यांकडे, पहारेकऱ्यांकडे, कुर्द माणसांच्या ताठ मानेकडे. तुरुंग हा त्यांना गाव पाहण्याचा सज्जा झाला आहे.

यावर कोणी म्हणेल की, हे माणसांचे चित्रण झाले, देखाव्याचे काय? येथे आपल्या जुन्या साहित्यशास्त्रातील एका भेदाचा उपयोग होण्यासारखा आहे. विभाव दोन प्रकारचे. ज्याच्या आश्रयाने भाव उत्पन्न होतो तो आलंबन. उत्पन्न झालेल्या भावाला जो चेतवितो तो उद्दीपन. चंद्र, उपवन, मलयवायू इत्यादींची शास्त्रकारांनी सामान्यतः दुसऱ्या वर्गात गणना केली : नायक-नायिका पुढे, निसर्ग मागे. निसर्ग स्वतःच आलंबन होऊ शकतो, असा आग्रह हिंदीत आचार्य रामचंद्र शुक्ल यांनी धरला, आणि आमच्या मते तो योग्य होता. आता आपल्या प्रवासवर्णनांतील देखावे या दृष्टीने तपासा. ते बहुतेक सर्व उद्दीपन आहेत. आणि तेही कोणत्या भावाचे? घरून निघताना सामानात बांधून घेतलेल्या ‘वाहवा’ या एकाच भावाचे. आल्प्स दिसण्यापूर्वीच आल्प्सविषयीचा विस्मय तयार असतो. पर्वताने येऊन फक्त त्याला काडी लावायची.

खोळंबा हा भाव अगोदर तयार होऊ देत नाही, हा त्याचा मोठा गुण. चढावर मोटार थकली की एकाने उतरून मागून रेटा द्यायचा. अशा चढाविषयी कोणता भाव बांधून आणणार? तो डोंगर प्रथम प्रतिस्पर्धी म्हणून भेटतो. त्याचे वळण, त्यावरची खडी, वाऱ्याची दिशा, अंतर, उतरता दिवस या सर्वांशी माणसाचा रोकडा संबंध जडलेला असतो. मग चढ संपतो, रात्र पडते, एर्झुरुमच्या पूर्वेकडील निर्मनुष्य पठारावर दोघे मित्र शेकोटी करून चहा ठेवतात, वर आकाश ताऱ्यांनी भरलेले, आणि बूव्हिए त्या एका रात्रीविषयी जे लिहितात ते या ग्रंथातील अत्यंत गाजलेले स्थळ आहे. ते येथे उतरून घेण्याचा मोह आम्ही आवरतो. सांगायचे ते एवढेच की त्या परिच्छेदातील वर्णन पाहिले तर अगदी साधे आहे : थंडी, निखारे, चहा, तारे. उपमा मोजक्या. एवढ्यावर त्याला जी उंची आली आहे ती मागील दहा पानांतील घामाच्या बळावर. तोच परिच्छेद वेगळा काढून ‘निसर्गवर्णनाचा उत्तम नमुना’ म्हणून क्रमिक पुस्तकात छापला तर विद्यार्थ्याला त्यात काय आहे हे कळणार नाही, आणि शिक्षकालाही सांगता येणार नाही. आमच्या वर्गांतून प्रवासवर्णनाचे जे उतारे शिकवले जातात त्यांची नेमकी हीच अवस्था आहे. चढ गाळून माथा तेवढा छापायचा, आणि वर प्रश्न विचारायचा की लेखकाला आनंद का झाला?

इराणातील उन्हाळ्यात दिवसा चालणे अशक्य झाले म्हणून ते रात्री चालू लागले. त्यामुळे वाळवंटाचे वर्णन ग्रंथात आले आहे ते पुष्कळसे अंधाराचे वर्णन आहे : दिव्यांच्या झोतात येईल तेवढा रस्ता, दुरून येणाऱ्या लॉरीचा प्रकाश, पहाटेच्या चहाखान्यात पेंगणारे ड्रायव्हर. कोणत्याही मार्गदर्शिकेत हा देखावा सापडणार नाही. तो उष्म्याने दिला. मोटारीच्या दारावर हाफिजच्या फारसी ओळी रंगवून घेतल्या होत्या. त्या वाचून वाटेतली माणसे ओळखीची होत. वाहन लहान आणि नादुरुस्त असल्याने जागोजागी थांबावे लागे, आणि थांबावे लागे म्हणूनच ती वाचली जात. धडधाकट मोटारीच्या दारावरील कविता वाचायला कोणाला सवड मिळणार?

या सर्वांहून मोठे संकट कोसळले ते क्वेट्टा येथे. तब्रीझच्या हिवाळ्यात बूव्हिए यांनी बरेच लिहून ठेवले होते. त्या कागदांचा गठ्ठा खोली झाडणाऱ्या नोकराने केर समजून फेकून दिला. केराची गाडी निघून गेली होती. दोघांनी शहराबाहेरचा उकिरडा गाठला आणि तो उपसला. हाती लागले ते नसल्यासारखेच. लेखकाच्या आयुष्यात याहून मोठी हानी क्वचितच होत असेल. आणि तरी हे प्रकरण वाचताना आम्हांला जे अधिक जाणवले ते हानीचे दुःख नव्हे, तर त्या उकिरड्याचे वर्णन. गरीब शहराच्या उकिरड्यात कामाची वस्तू शिल्लकच राहत नाही. वेचणाऱ्यांचे आणि जनावरांचे एकामागून एक हात व तोंडे फिरून गेलेली असतात. उरते ती ओळख पुसून गेलेली राख आणि माती. आपला ग्रंथ शोधता शोधता हा मनुष्य एका शहराची अर्थव्यवस्था वाचून काढतो. नोकराविषयी चकार वाईट शब्द नाही. तो बिचारा वाचू शकत नव्हता. अडाणी नोकर आणि विद्वान साहेब यांवर जे विनोद पिढ्यान्‌पिढ्या झाले आहेत त्यांच्या शेजारी हे प्रकरण ठेवून पाहावे.

येथे तुलनेसाठी दुसरा एक ग्रंथ घ्यावासा वाटतो : रॉबर्ट बायरन यांचा ‘द रोड टु ऑक्सियाना’ (१९३७). हे बायरन म्हणजे सुप्रसिद्ध कवी नव्हेत. हे विसाव्या शतकातील वास्तुकलेचे रसज्ञ. १९३३–३४ मध्ये ख्रिस्टोफर साइक्स यांच्यासह त्यांनी इराण व अफगाणिस्तानात प्रवास केला आणि तो रोजनिशीच्या रूपात लिहिला. इंग्रजी समीक्षक त्याला या वाङ्मयप्रकाराचे शिखर मानतात, आणि त्याचे गुण आम्हांलाही मान्य आहेत. विघ्नांची येथेही रेलचेल आहे. कोळशाच्या वायूवर चालणाऱ्या मोटारींची एक महत्त्वाकांक्षी योजना होती, ती फसते. लॉऱ्या चिखलात रुततात. परवाने मिळत नाहीत. मशहदच्या मशिदीत शिरण्यासाठी वेषांतर करावे लागते. पण बायरनना काय पाहायचे हे घरून निघतानाच ठरलेले होते. गुंबद-ए-काबूस हा अकराव्या शतकाच्या आरंभीचा मनोरा आणि हेरातचे मिनार यांच्यासाठी ते आले. त्यामुळे प्रत्येक विघ्न हे त्यांच्या आणि इमारतीच्या मध्ये उभे असलेले कुंपण होते, आणि कुंपणापाशी उभ्या असलेल्या अधिकाऱ्याची टर उडवणे हा त्यांचा विरंगुळा. ते संवाद अतिशय हसवतात. पण पुन्हा वाचताना हसू ओसरते आणि त्यामागचा तोरा दिसू लागतो. साम्राज्याच्या शेवटच्या पिढीतील तरुणाचा तो तोरा आहे. न्याय म्हणून हेही सांगितले पाहिजे की, हेरातच्या भव्य वास्तूंपैकी बराच भाग १८८५ साली रशियाच्या स्वारीच्या भीतीने पाडला गेला व त्या कामी ब्रिटिश अधिकाऱ्यांचा हात होता, हे बायरन लपवीत नाहीत.

आणि गंमत अशी की, त्या ग्रंथातही जे सर्वोत्कृष्ट आहे ते बेत फसल्यामुळे मिळाले आहे. हेरातच्या पुढे जाण्याचा पहिला प्रयत्न हिवाळ्याच्या तोंडाशी सोडून द्यावा लागला. म्हणून वसंत ऋतू त्यांना त्या प्रदेशात गाठू शकला. कास्पियन समुद्राच्या आग्नेयेकडील गवताळ मैदान अचानक समोर उलगडते तेव्हा त्या हिरव्या रंगाने ते थक्क होतात, आणि मनोऱ्याचे वर्णन त्या हिरवेपणातून उगवते. मनोरा ठरलेला होता. हिरवा रंग ठरलेला नव्हता. ज्या ऑक्सस नदीचे नाव ग्रंथाला दिले तिच्या काठी जाण्याची परवानगी तर शेवटपर्यंत मिळालीच नाही.

विघ्नांच्या संदर्भात एक नाजूक प्रश्न उरतो, तो सत्याचा. विघ्न रचून सांगणे हे अतिशय सोपे असते, आणि त्याची शहानिशा कोण करणार? अमेरिकन कादंबरीकार जॉन स्टाइनबेक यांनी १९६० मध्ये आपल्या चार्ली नावाच्या कुत्र्यासह मोटारीतून स्वदेशाची परिक्रमा केली आणि १९६२ मध्ये ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. अर्धशतक ते खरे म्हणून वाचले गेले. २०१० मध्ये बिल स्टायगरवॉल्ड या पत्रकाराने तोच मार्ग पुन्हा तुडवला, कागदपत्रे पाहिली, आणि दाखवून दिले की, एकाकी मुक्काम म्हणून वर्णिलेल्या कित्येक रात्री लेखक हॉटेलांत होते आणि प्रवासाच्या बऱ्याच भागात पत्नी सोबत होती. पुष्कळ संभाषणेही संशयास्पद ठरली. २०१२ च्या आवृत्तीत प्रस्तावनाकारांना वाचकांना तशी सूचना द्यावी लागली. स्टाइनबेक थोर लेखक होते यात शंका नाही. परंतु ते पुस्तक आज पुन्हा वाचताना एक खूण लक्षात येते : त्यातील माणसे फार सोयीच्या वेळी भेटतात, आणि लेखकाला जे म्हणायचे असते तेच बोलतात. खरी अडचण अशी वेळ पाहून येत नाही. ती निरर्थक असते, कथेच्या मध्येच आडवी पडते, आणि पुष्कळदा तिच्यातून काहीच निष्पन्न होत नाही.

बूव्हिए यांचा ग्रंथही प्रवासानंतर जवळजवळ नऊ वर्षांनी, १९६३ मध्ये, जिनीव्हाच्या द्रोज या प्रकाशनाकडून आणि लेखकाच्याच खर्चाने निघाला. त्यात व्हेर्ने यांची रेखाचित्रे आहेत. मूळ टिपणे तर उकिरड्यात गेलेली. तेव्हा स्मृतीने त्यात भर घातली नसेल असे कोण म्हणेल? पण एके ठिकाणी ते स्वतःच पडदा बाजूला करतात. उत्तर अफगाणिस्तानात सुर्ख कोतल येथे फ्रेंच पुरातत्त्वज्ञांचे उत्खनन चालले होते. कुशाणांच्या काळचे ते देवस्थान, म्हणजे कनिष्काच्या नावाने आपल्या इतिहासाशीही जोडलेले. त्या प्रकरणाच्या मध्येच लेखक थांबतात आणि सांगतात की, हे आपण सहा वर्षांनंतर लिहीत आहोत, आणि त्या दिवसांतले पुष्कळसे आता हाती लागत नाही. मग ते उत्खननाचीच रीत स्वतःच्या आठवणीला लावू पाहतात. वाचकाला विश्वास वाटतो तो अशा ठिकाणी.

या ग्रंथाची बाजू आम्ही एवढी घेतली तरी त्यातील दोन गोष्टी आम्हांला खटकतात, त्या सांगितल्या पाहिजेत. पहिली किरकोळ. परिच्छेदाच्या शेवटी सुभाषित ठेवून देण्याची बूव्हिए यांना सवय आहे. प्रवासाने माणूस कसा घडतो वा मोडतो यावरील त्यांची वाक्ये आता जिकडेतिकडे उद्‌धृत होतात, आणि ग्रंथ न वाचलेल्यांना ती ग्रंथापेक्षा अधिक ठाऊक असतात. उकिरड्याचे वर्णन करू शकणाऱ्या लेखकाला याची गरज नव्हती. दुसरी गोष्ट गंभीर आहे. हे दारिद्र्य स्वेच्छेने पत्करलेले आहे. थंडी, उपासमार, हिवताप हे सर्व खरे. पण खिशात स्वित्झर्लंडचा पासपोर्ट आहे, आणि परतायचे ठरवले तर जिनीव्हाला घर आहे. तब्रीझच्या शेजाऱ्यांना तो हिवाळा निवडता आला नव्हता. लेखकाला याची जाण नाही असे नव्हे. पण ती जाण अधूनमधून विझते, आणि मग गरिबांच्या घरातील उणिवेलाही एक प्रकारची शोभा येऊ लागते. आशियात राहणाऱ्या वाचकाला हे जितके चटकन दिसते तितके युरोपातील प्रशंसकांना दिसलेले नाही.

हा मुद्दा निघाला म्हणजे आपल्या घरच्या एका पुस्तकाची आठवण होणे अपरिहार्य आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे काकांसह उत्तरेकडे निघाले ते दक्षिणा मिळवून घरचे कर्ज फेडावे म्हणून. १८५७ च्या उठावात सापडले, झांशीच्या वेढ्यात अडकले, लुटले गेले, आणि शेवटी गंगेची कावड घेऊन घरी परतले. ‘माझा प्रवास’ हा परदेशचा प्रवास नव्हे हे खरे. तथापि कोकणातल्या भिक्षुकाला त्या काळी माळवा-बुंदेलखंड म्हणजे ‘हिंदुस्थान’, म्हणजे जवळपास दुसरा देशच होता. आणि ग्वाल्हेर-इंदूरकडील वाचकांना तर या पुस्तकातील वाटा पायाखालच्या आहेत. ते लेखनही सुमारे पंचवीस वर्षांनंतर आठवणीतून झाले, १९०७ मध्ये चिंतामणराव वैद्यांनी त्यावर हात फिरवून ते छापले, आणि मूळ संहिता दत्तो वामन पोतदारांच्या संपादनाने १९६६ साली बाहेर आली. त्या पुस्तकात देखावा म्हणून वेगळा काढता येईल असा परिच्छेद शोधावाच लागेल. पण झांशी शहर त्यात दिसते. घरे, गल्ल्या, विहिरी, देवळे सर्व दिसतात, कारण त्यांतील प्रत्येक वस्तूचा प्रश्न ‘येथे लपता येईल काय, येथे पाणी मिळेल काय’ असा होता. आलंबन म्हणतात ते हे. आपल्या प्रवासवाङ्मयाच्या मुळाशी असे पुस्तक असताना पुढे ते वाङ्मय फजितीकडे आणि सूर्यास्तांकडे का वळले, याचे एक उत्तर वाहनात आहे. अनंत काणेकरांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ (१९४०) असो की गंगाधर गाडगीळांचे ‘साता समुद्रापलीकडे’ (१९५९) असो, मराठी माणूस परदेशी गेला तो बोटीने, आगगाडीने वा विमानाने. खोळंबा झाला तरी तो कंपनीचा; आपण हातावर हात ठेवून बसायचे. आता तर सहल कंपनीच्या बसमधून सारे घडते, आणि त्या व्यवस्थेचा हेतूच मुळी खोळंबा होऊ नये हा असतो. पैसे त्याचेच दिलेले असतात.

तेव्हा सहलीला गेलेल्यांनी लिहूच नये काय? असे आम्ही म्हणत नाही. सर्वांनी खैबरपर्यंत मोटार ढकलीत जावे हे शक्यही नाही. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, त्याच वर्षाअखेर सोव्हिएट फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, आणि बूव्हिए ज्या मोकळेपणाने त्या रस्त्याने गेले तो मोकळेपणा संपला. पण बसच्या प्रवासातही पंधरा मिनिटांचा खोळंबा होतोच. मुलाच्या परक्या गावातील घरी दुपारभर एकटे बसावे लागते, फोन लागत नाही, बाहेर बर्फ पडत असते, शेजारी कोण राहतो ठाऊक नसते. आमच्यापुढे वाचनार्थ येणाऱ्या हस्तलिखितांत अशा दुपारी एका वाक्यात संपतात, आणि नायगाऱ्याला चार पाने मिळतात. नायगारा सर्वांनी पाहिला आहे. ती दुपार त्या एकट्या बाईंनीच पाहिलेली असते.

बूव्हिए यांचा ग्रंथ खैबर खिंडीच्या दाराशी थांबतो. पलीकडे पाकिस्तान, त्यापुढे भारत. पण ते या ग्रंथात नाही. व्हेर्ने काबूलहून आधीच पुढे, लग्नासाठी, सिलोनकडे गेले होते. बूव्हिए एकटेच उरले होते. खिंडीपाशी ते घटकाभर बसून राहतात. घाई कसलीच नसते. समोर डोंगर आणि त्यांतून येणारा-जाणारा लोकांचा ओघ. पुढे तेही सिलोनला पोचले आणि १९५५ मध्ये गॉल या बंदरात आजारी व एकाकी अवस्थेत काही महिने राहिले. त्यावरील ‘विंचूमासा’ या अर्थाच्या नावाचे लहान पुस्तक लिहावयास त्यांना सुमारे पाव शतक लागले. त्यात रस्ता नाही, मित्र नाही, ढकलायला मोटार नाही. एक भाड्याची खोली, ताप, आणि जमिनीवर चाललेल्या मुंग्या व वाळवी यांच्या लढाया. खोळंब्याचा हा शेवटचा टप्पा म्हणावा लागेल. ते पुस्तक प्रवासवर्णनात मोडते की नाही, हा प्रश्न मात्र स्वतंत्र लेखाचा आहे.